नाच त्यांचा, चेहरा आपल्या मनासारखा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण. बोलताना वेळेअभावी राहून गेलेले काही मुद्दे लिहून काढताना घातले आहेत.)



मी माइक हातात घेतल्यावर काही जणांचे चेहरे पडले, ते मला इथून दिसले. तुमची चूक नाही. पंचवीस वर्षांत मी उभा राहिलो की विषय ठरलेले. सिंकिंग फंड, थकबाकी, गच्चीची गळती. आज यातलं काही नाही. आज मी नाचावर बोलणार आहे. हसा, हसा. ज्या माणसाला गणपतीच्या मिरवणुकीत दोन पावलं धड टाकता येत नाहीत, तो नाचावर बोलणार! पण मी पावलांवर बोलणारच नाही. मी बोलणार आहे नाचणाऱ्याच्या चेहऱ्यावर.

विषय सुचला माझ्या नातीमुळे. ती सातारा रोडला हिप-हॉपच्या क्लासला जाते. दिवाळीच्या सुट्टीत ती हॉलमधल्या कपाटाच्या आरशासमोर सराव करत होती. अंग असं काही हलत होतं की शोकेसमधल्या कपबश्या वाजत होत्या, आणि चेहरा मात्र दगडासारखा. हनुवटी वर, ओठ मिटलेले, नजर समोर रोखलेली. मी पेपरातून डोकं वर काढून म्हटलं, ‘‘अगं, हस की जरा! नाचताना चेहरा प्रसन्न असावा.’’ ती न थांबता म्हणाली, ‘‘आजोबा, यात हसायचं नसतं. ॲटिट्यूड असतो.’’

मी गप्प बसलो. तिला वाटलं, आजोबांना राग आला. तसं नव्हतं. ‘हस की जरा’ हे वाक्य चाळीस वर्षांपूर्वी मी दुसऱ्या काही नाचणाऱ्यांना सांगितलं होतं. ते नुसतं सांगणं नव्हतं, ती जबरदस्ती होती. ती गोष्ट मी घरीसुद्धा पूर्ण सांगितलेली नाही. आज सांगतो.

१९८४ साली माझी बदली कर्नाटकात हल्याळ भागात झाली. स्वारगेटच्या स्टँडवरून रात्रीची बेळगाव गाडी धरायची, पुढे धारवाड करत हल्याळ. जिल्हा उत्तर कन्नड, म्हणजे आपल्या जुन्या लोकांच्या तोंडचा कारवार जिल्हा. घरं कौलारू, भोवती सागवानाचं जंगल, आणि बाजारात कानडीइतकीच मराठी. मी ग्रामीण कर्जाचा अधिकारी. त्या वेळी एकात्मिक ग्रामीण विकास योजना जोरात होती. म्हैस, शेळ्या, बैलजोडी, शिवणयंत्र, असलं कर्ज वाटायचं आणि मग वसुलीसाठी जंगलातल्या वाड्यांवर मोटारसायकल घालायची.

अशाच एका वाडीवर मी पहिल्यांदा सिद्दी लोक पाहिले. कुरळे केस, आफ्रिकी चेहरेपट्टी, अंगावर आपल्यासारखंच लुगडं, आणि बोलणं कोकणी-मराठी मिसळलेलं. मी चकितच झालो. ‘‘साहेब, च्या घेणार?’’ म्हणून त्यांनीच मला सावरलं.

सिद्दी म्हटलं की आपल्याला जंजिरा आठवतो. मुरूडचा तो किल्ला शिवाजी महाराजांना आणि संभाजी महाराजांनाही घेता आला नाही, आणि जंजिरा संस्थान अगदी १९४८ साली विलीन झालं. नगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर हाही हबशीच. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस पुढे दख्खनचा कारभारी झाला. १६२६ साली तो वारला, त्याची कबर खुलताबादला आहे. म्हणजे आफ्रिकेतून आलेली माणसं आपल्या इतिहासात चारशे वर्षं तरी आहेत. पण हल्याळ-यल्लापूरच्या जंगलातले सिद्दी राजे-वजिरांचे वंशज नव्हेत. त्यांतल्या पुष्कळांचे पूर्वज पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलेले आणि तिथून जिवाच्या भीतीनं घाटावरच्या रानात पळालेले. आज त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, आणि लग्नकार्याला सगळे एकत्र.

त्यांच्या नाचाचं नाव डमामी. डमाम म्हणजे कातडं मढवलेला ढोल. संध्याकाळी अंगणात एक जण डमाम घेऊन बसायचा, बायका कोकणीतून गाणं धरायच्या, आणि एकेक जण उठून नाचायला यायचा. बायका फुगडीसुद्धा घालायच्या, आपल्या मंगळागौरीला घालतात तशीच. त्या अंगणात मी बऱ्याच संध्याकाळी बसलो. कुटुंब पुण्यात, मी एकटा. खोलीवर जाऊन करणार काय?

तिथे मला पहिली गोष्ट खटकली, ती चेहऱ्याची. कंबर, खांदे, पाय सगळं जोरात चाललेलं, पण नाचणाऱ्या बाईचा चेहरा शांत. डोळे अर्धवट मिटलेले, किंवा कुठेतरी लांब. प्रेक्षकाकडे बघणं नाही, हसणं नाही. माझी नजर पुण्यात तयार झालेली. रोहिणीताई भाट्यांचं कथक मी पाहिलेलं, लावण्या पाहिलेल्या. आपल्या नाचात चेहरा बोलतो. भुवई उडाली की अर्थ कळतो, नजर हाताच्या मागे जाते, लावणीवाली तर पहिल्या रांगेतल्या प्रत्येकाला वाटायला लावते की ती त्याच्याचकडे बघतेय. मला वाटलं, या लोकांना अदाकारी येत नाही. नाचतात चांगलं, पण चेहरा कोरा!

दुसरी गोष्ट महिनाभरानं दिसली. एका संध्याकाळी एक तरुण उठला, काखेत एक पुठ्ठा धरला, पोट पुढे काढलं, दोन बोटांनी नाकावरचा नसलेला चष्मा वर केला आणि डमामच्या तालावर चालू लागला. चेहरा एकदम गंभीर. एक सुरकुती हलत नव्हती. सगळं अंगण हसून लोळत होतं. मला समजायला दोन मिनिटं लागली की तो मी आहे! वसुलीला येणारा साहेब. मग मीही हसलो. म्हणजे अदाकारी येत नव्हती असं नाही. चेहरा कधी वापरायचा आणि कधी आवरायचा, हे ते ठरवत होते, इतकंच.

आता मुख्य गोष्ट. १९८६ साली आमच्या भागात कर्ज मेळावा ठरला. वरून पाहुणे येणार, मंडप, हार, फोटो. कोणीतरी सुचवलं, सिद्द्यांचा नाच ठेवा. ओळखीचा म्हणून काम माझ्याकडे. मी वाडीवर गेलो, सात-आठ जण तयार झाले. मेळाव्याच्या सकाळी मंडपामागे रंगीत तालीम. संयोजकांनी सागाच्या पानांचे घागरे शिवून आणले होते. का? तर ‘आदिवासी वाटले पाहिजेत’.

इथे बँकेतल्या माणसाला एक गंमत कळते, ती सांगतो. त्या योजनेत अनुसूचित जमातीच्या कर्जदाराला निम्मी रक्कम अनुदान मिळे, आणि शेतमजुराला एक तृतीयांश. सिद्दी तेव्हा अनुसूचित जमातीच्या यादीत नव्हते. त्या जिल्ह्यातल्या सिद्द्यांचा त्या यादीत समावेश झाला २००३ साली. म्हणजे माझ्याच टेबलावरच्या फॉर्मवर ते आदिवासी नव्हते, म्हणून अनुदान कमी. आणि मंडपात मात्र ते आदिवासी दिसायला हवे होते, म्हणून पानांचे घागरे! हा विरोधाभास त्या दिवशी माझ्या डोक्यात आलासुद्धा नाही.

तालीम सुरू झाली. चेहरे नेहमीसारखेच शांत. संयोजक माझ्या कानाशी, ‘‘अहो, हे काय मयताला आलेत का? जरा हसवा त्यांना. दात दिसू देत, डोळे मोठे करायला सांगा.’’ आणि मी सांगितलं. ‘‘हसा की जरा. डोळे असे मोठे करा. जीभ बाहेर काढा, पाहुण्यांना मजा वाटेल.’’ मी करूनही दाखवलं.

त्यांच्यात एक म्हातारी होती. जुन्या लुगड्यांच्या चिंध्या जोडून गोधड्या शिवायची. तिकडे त्याला कवंदी म्हणतात, चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांचं फूल लावतात. अशी एक कवंदी तिनं मला थंडीसाठी दिली होती. ती नाचायची थांबली आणि म्हणाली, ‘‘नाच आमचा, आणि तोंड तुम्ही सांगाल तसं करायचं काय, साहेब?’’

मी काय उत्तर द्यायला हवं होतं, ते आज मला माहीत आहे. तेव्हा मी म्हणालो, ‘‘आजी, पुढच्या यादीत तुमच्या पोराचं नाव आहे ना म्हशीसाठी?’’

एवढंच. आवाज चढवला नाही. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि मग पाहुण्यांसमोर तिनं दात दाखवले, डोळे फिरवले, जीभ काढली. टाळ्या पडल्या. फोटो निघाला. माझी पाठ थोपटली गेली. म्हैससुद्धा मंजूर झाली, ती तशीही होणारच होती. पण त्यानंतर मी वाडीवर गेलो की चहा मिळायचा, डमाम मात्र निघायचा नाही. माझी नक्कलही कोणी केली नाही. १९८७ साली माझी बदली झाली.

मंडळी, निवृत्तीनंतर वेळ मिळाला, आणि या चेहऱ्याचा विषय माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून मी थोडं वाचलं. तेव्हा कळलं की मी त्या मंडपामागे जे केलं, ते अमेरिकेत दीडशे वर्षं आधी सुरू झालेलं होतं.

तिथे १८३०च्या सुमारापासून गोरे नट जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासून, ओठ जाड रंगवून, डोळे वटारून ‘काळ्यांचा नाच’ करत. लोकांना तो इतका आवडला की पुढे खऱ्या कृष्णवर्णीय कलावंतांना रंगमंच हवा असेल तर त्यांनीही तसंच तोंड करायचं, अशी पाळी आली. काहींना तर स्वतःच्या काळ्या चेहऱ्यावर पुन्हा काजळी फासावी लागली. कायम हसरा चेहरा! कारण पाहणाऱ्याला खात्री हवी असते की समोरचा सुखात आहे, त्याची आपल्याबद्दल काही तक्रार नाही.

पण या लोकांनीही आपल्या परीनं उत्तर दिलं. मळ्यांवरचे गुलाम मालकांच्या डौलदार नाचाची नक्कल करत. ताठ मान, पुढे काढलेली छाती, नाटकी नमस्कार, आणि चेहरा गंभीर. मालकांना ते बघून मजा वाटे, उत्तम जोडीला बक्षीस म्हणून केक मिळे. म्हणून त्या नाचाला केकवॉक म्हणतात. थट्टा आपलीच चालली आहे, हे कित्येक मालकांना समजलंही नाही. मला हल्याळच्या अंगणातला तो काखेत पुठ्ठा धरलेला मुलगा आठवला. त्यानं केकवॉकचं नावही ऐकलं नसेल.

आणि जोसेफिन बेकर! १९०६ साली सेंट लुईसला जन्मलेली गरीब घरची मुलगी. नाचणाऱ्या मुलींच्या रांगेत ती शेवटी उभी राहायची, मुद्दाम ताल चुकवायची, डोळे तिरळे करायची, आणि लोक बाकीच्या मुलींना सोडून तिच्याकडेच बघत बसायचे. १९२५ साली ती पॅरिसला गेली आणि रातोरात प्रसिद्ध झाली. पॅरिसला तिच्यात जंगलची बाई हवी होती, तिला केळ्यांचा घागरा घातला. तिनं घातला, आणि मध्येच डोळे तिरळे करून त्या जंगली बाईचीच चेष्टा केली. पुढे महायुद्धात तिनं फ्रान्सच्या प्रतिकार चळवळीसाठी गुप्त बातम्या पोचवल्या. १९६३ साली वॉशिंग्टनच्या प्रसिद्ध मोर्चात ती गणवेश घालून, पदकं लावून बोलली. २०२१ साली फ्रान्सनं तिला पँथिऑनमध्ये, म्हणजे राष्ट्रपुरुषांच्या मांदियाळीत जागा दिली. ती स्वतः तोंड वेडावत होती. मी त्या म्हातारीला तोंड वेडावायला लावलं. या दोहोंत किती अंतर आहे, ते तिच्याबद्दल वाचताना मला समजलं.

मग तो शांत चेहरा? त्याबद्दलही वाचलं. येल विद्यापीठातले कलेतिहासकार रॉबर्ट फॅरिस थॉम्पसन यांनी १९६६ साली पश्चिम आफ्रिकेतल्या नृत्यावर लेख लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की अंग तापलेलं आणि चेहरा थंड, यातच तिथे नाचाचं सौंदर्य मानतात. योरुबा भाषेत त्याला ‘इतुतु’ म्हणतात, म्हणजे शीतलता. संकटात, गर्दीत, ढोलाच्या कल्लोळात ज्याचं डोकं थंड, तो मोठा माणूस. चेहरा कोरा नसतो, तो राखलेला असतो. समुद्रापार गुलाम म्हणून गेलेल्या लोकांनी हा थंड चेहरा बरोबर नेला. मुलं ज्याला ‘कूल’ म्हणतात, त्याच्या मागेही हाच विचार आहे, असं ते मांडतात. माझ्या नातीच्या क्लासमधला ‘ॲटिट्यूड’ही त्याच घरातला. हिप-हॉप जन्मलं १९७३च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, कृष्णवर्णीय आणि कॅरिबियन पोरांमध्ये. ज्यांना शहर कस्पटासमान लेखत होतं, ती पोरं हनुवटी वर करून नाचत होती.

उलट बाजूही आहे, नाहीतर तुम्ही म्हणाल आफ्रिकी वंशाची माणसं नाचताना हसतच नाहीत. २०१२ साली आम्ही ज्येष्ठ नागरिकांची सहल सासण गीरला नेली होती. तिथे संध्याकाळी हॉटेलच्या हिरवळीवर गुजरातच्या सिद्दी मंडळींची धमाल झाली. मोरपिसांचे घागरे, डोक्याला मोरपिसं, नारळ हवेत उडवून डोक्यावर फोडणं. ते या नाचाला गोमाही म्हणतात, आणि स्वाहिली भाषेत ‘ङोमा’ म्हणजे ढोल, आणि ढोलावरचा नाचही. शेकडो वर्षं झाली, समुद्र मध्ये आला, भाषा गेली, शब्द राहिला!

तिथे नाचणारे तरुण भरपूर तोंडं करत होते. माकडासारखं, पक्ष्यासारखं, आमच्यातल्या घोरणाऱ्या एका सभासदासारखंसुद्धा. आमच्यातल्या एक बाई म्हणाल्या, ‘‘काय भयानक तोंडं करतात!’’ पण मोठा ढोल वाजवणारा म्हातारा अगदी स्थिर होता. कार्यक्रमानंतर मी त्याला मोडक्या हिंदीत विचारलं. तो म्हणाला, ‘‘हसवणं हीसुद्धा बाबांची सेवा आहे.’’ बाबा म्हणजे त्यांचे पीर बावा गोर. त्यांचा दर्गा भरूच जिल्ह्यात रतनपूरच्या टेकडीवर, अकीक दगडाच्या खाणींच्या भागात. हेलेने बासू या अभ्यासक बाईंनी तिथल्या फकिरांवर लिहिलं आहे, की थट्टा-मस्करी आणि मस्ती हा त्यांच्या भक्तीचाच भाग आहे. म्हणजे तिथे वेडावलेलं तोंडही पूजेतलं आणि मिटलेलं तोंडही पूजेतलं. त्यातलं कुठलं कधी, हे त्यांचं त्यांना माहीत. तिकीट काढलेल्याला नाच पाहायला मिळतो. चेहरा कसा असावा, हे सांगण्याचा हक्क मिळत नाही.

आता तुम्ही म्हणाल, काका, हे सगळं ठीक, पण आमच्या सोसायटीचा काय संबंध?

संबंध आहे. २००५ सालचा आपला गणेशोत्सव आठवा. ज्यांना आठवत नाही, त्यांनी अल्बम बघावा. पार्किंगमध्ये स्टेज होतं. मुलांचा ‘झिंगालाला’ नाच बसवला होता. हिंदी सिनेमात असतो तसला. पोरांच्या कमरेला पानं, हातात भाले, तोंडाला काजळ. ते काजळ तेलात कालवून फासणारा मेकअपमन कोण होता? मी. ‘डोळे मोठे करा, जीभ काढा’ हे शिकवणारा कोण? मी. हल्याळला तीन वर्षं काढून आलेला, अंगणात बसून डमामी पाहिलेला मी! आठवलं नाही असं नाही. आठवलं, पण वाटलं, पोरांची गंमत आहे, कोणाचं काय जातंय?

त्या वेळी बी विंगमध्ये एका परदेशी गेलेल्या सभासदाच्या फ्लॅटमध्ये टांझानियाचा एक विद्यार्थी भाड्यानं राहत होता. तो कार्यक्रमाला आला होता. मागे उभं न राहता दुसऱ्या रांगेत खुर्चीवर बसला होता, पांढरा शर्ट घालून. मी विंगेतून त्याच्याकडे बघत होतो. सगळे हसत होते. त्याचा चेहरा जराही हलला नाही. नाच संपल्यावर त्यानं टाळ्या वाजवल्या, व्यवस्थित, बाकीच्यांपेक्षा जरा जास्तच वेळ.

रात्री लिफ्टमध्ये आम्ही दोघंच. माझ्या हाताला काजळ तसंच. तो म्हणाला, ‘‘अंकल, हा नाच कोणत्या गावचा?’’ मी म्हटलं, ‘‘असंच, मजेचा. आफ्रिकन.’’ तो म्हणाला, ‘‘अच्छा. आमच्याकडे मी असा पाहिला नाही.’’ त्याचा मजला आला. ‘‘गुड नाईट, अंकल.’’ बस्स. तो चेहरा मी ओळखला होता. मंडपामागे म्हातारीनं जे एकदा पाहिलं होतं, ते तसंच होतं.

आणि तरीही, मंडळी, पुढचं ऐका. दोन महिन्यांनी समितीच्या सभेत विषय आला, की त्या मुलाचा अकरा महिन्यांचा करार संपतोय, पुढे वाढवू द्यायचा का. तक्रार काय? मोठ्यानं गाणी नाहीत, पार्ट्या नाहीत, भाडं थकलेलं नाही. तक्रार एवढीच, की ‘तो लिफ्टमध्ये कोणाकडे बघून हसत नाही, चेहरा उग्र असतो, बायकामुलांना भीती वाटते’. सचिव मी होतो. इतिवृत्त माझ्या अक्षरात आहे: ‘सदर भाडेकरूचे वर्तन उर्मट असल्याच्या तक्रारी आल्याने करार नूतनीकरणास समितीची हरकत आहे.’ फ्लॅटमालकानं मुकाट्यानं ते ऐकलं. मुलगा सामान घेऊन गेला. जाताना त्यानं वॉचमनला आणि मला, दोघांनाही ‘थँक यू’ म्हटलं.

आता मला एक सांगा. विसर्जन मिरवणुकीत टिळक रस्त्यावर पथकं जातात. ढोल कमरेला बांधून आपल्याच सोसायटीतल्या मुली तासन्‌तास वाजवतात. घामाघूम अंग, आणि चेहरा? ओठ मिटलेले, नजर समोर. हसत नाहीत. आपण त्यांना उर्मट म्हणतो का? आपण म्हणतो, ‘‘काय तल्लीन झालीय पोरगी!’’ पालखी पुण्यातून निघते, तेव्हा टाळकरी पावली खेळतात. त्यांचा चेहरा प्रेक्षकाकडे असतो का? आपण त्यांच्या पाया पडतो. चेहरा तोच. आपल्या माणसाचा असला की तल्लीन, दुसऱ्याचा असला की उर्मट. शब्द चेहऱ्यात नसतो, बघणाऱ्याच्या खिशात असतो. मी माझ्या खिशातला शब्द काढला आणि इतिवृत्तात लिहून टाकला.

आणि आणखी एक विचार करा. ज्या मुलानं आठ दिवस त्याच्या माणसांचं ते तसलं सोंग, जीभ काढलेलं, तालमीपासून पार्किंगमध्ये पाहिलं, त्यानं आम्हाला लिफ्टमध्ये हसून दाखवायचं होतं! आम्हाला नाचातही त्याचा चेहरा ठरवायचा होता आणि लिफ्टमध्येही.

आता समारोप करतो, कारण मागून वडापावचा वास येतोय.

बँकेत एक नियम असतो. चुकीची नोंद झाली तर ती खोडायची नाही, पान फाडायचं नाही, वर पांढरा रंग लावायचा नाही. चूक दिसली पाहिजे. तिच्यापुढे उलट नोंद करायची, तारीख टाकायची आणि सही करायची. २००५ चं इतिवृत्त मंजूर झालेलं आहे, ते बदलता येणार नाही आणि बदलूही नये. ते कपाटात राहू दे. हे भाषण स्मरणिकेत छापलं जाणार आहे, असं संपादक मंडळानं सांगितलंय. ते छापावं, कात्री लावू नये. ही माझी उलट नोंद. तो मुलगा उर्मट नव्हता. सचिवाची नोंद चुकीची होती.

समितीला दोन विनंत्या. पहिली, मुलांच्या कार्यक्रमात यापुढे काजळ फासलेला झिंगालाला नको. आफ्रिकी नाच बसवायचा असेल तर जरूर बसवा. डमामी शिका, धमाल शिका, आपल्याच देशातल्या माणसांचे नाच आहेत. पण त्यांच्याकडूनच शिका, आणि चेहरा कसा ठेवायचा हेही त्यांनाच विचारा. दुसरी, आजही आपल्या आजूबाजूला शिकायला आलेली परदेशी मुलं घर शोधत असतात. अर्ज आला तर कागदपत्रं बघा, पोलीस पडताळणी बघा, अनामत बघा. चेहऱ्याचा रकाना अर्जात नाही, तो आपण घालू नये.

थोड्या वेळात माझ्या नातीचा नाच आहे. ती हसणार नाही, हे मी आत्ताच सांगून ठेवतो. तिला कोणीही, विशेषतः पहिल्या रांगेतल्या आजोबा मंडळींनी, ‘हस गं बाळा’ असं ओरडू नये.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत. आपले चेहरे मी वाचायचा प्रयत्न करत नाही.